स्वयंपाकघराबाहेरचं हृदय शिबिर

गेल्या हिवाळ्यात न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरातल्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाने हृदय तपासणी शिबिर भरवलं. कल्पना माझी होती, आणि ती माझी आहे हे मी भेटेल त्याला सांगत होतो. पोस्टरवर 'संपूर्ण कुटुंबासाठी' असंही मीच लिहिलं. मग कुटुंबातल्या सगळ्या बायका वडे तळायला स्वयंपाकघरात गेल्या आणि पुरुष बाह्या वर करून रांगेत उभे राहिले. हे कुणी ठरवलं नव्हतं. ठरवावं लागत नाही, म्हणून तर ते इतकं सुरळीत पार पडतं.

तपासायला मंडळातल्याच एक डॉक्टरबाई होत्या, मूळच्या सोलापूरच्या. रक्तदाब मोजून त्या प्रत्येकाला मीठ कमी करा म्हणत, आणि प्रत्येक जण मान डोलावून आतून येणाऱ्या वासाकडे वळे. ज्याचा आकडा चांगला आला तो हॉलभर असा फिरत होता, की जणू हृदय त्याने स्वतःच्या हाताने घडवलंय.

आत एक पाहुणी होती, आमची शेजारीण. ती चिलीची, इथल्या शाळेत स्पॅनिश शिकवते. ती आणि माझी बायको रोज संध्याकाळी चढावर फिरायला जातात. दोघींची पाळी साधारण एकाच सुमारास थांबली, आणि त्यावर त्या वाटभर हसत असतात. तिला वडे शिकायचे होते.

मी पाणी घ्यायला आत गेलो, तर ती बटाटे कुस्करता कुस्करता थांबली होती. कपाळावर घाम, एक हात जबड्याखाली.

"हिला दम लागलाय," बायको मला म्हणाली. "पाठही भरून आलीये म्हणते."

रजोनिवृत्तीवर दोन लेख वाचून मी स्वतःला समस्त स्त्रियांचा मित्र समजायला लागलो होतो. मी खिडकी उघडली आणि मृदू आवाजात शेजारणीला समजावलं, "हॉट फ्लश आहे. ढीगभर बायकांना होतं."

वेलिंग्टनचा वारा आत शिरला आणि बेसन सगळ्यांच्या अंगावर उडालं. तिचा घाम काही थांबला नाही.

"क्लिनिकमध्येही हेच म्हणाले," ती म्हणाली. "वय आहे, टेन्शन घेऊ नका. आम्ही लॅटिन बायका जरा नाटकी, असं सगळ्यांना वाटतं ना."

ती हसली. मीही हसलो. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

बायको हसली नाही. तिने गॅस बंद केला, मैत्रिणीला धरून बाहेर नेलं आणि डॉक्टरबाईंसमोरच्या खुर्चीत बसवलं. त्याच खुर्चीत बसायला निघालेले आमचे अध्यक्ष अर्धवट वाकलेलेच राहिले.

"वहिनी, रांग आहे."

"मघाशी झालंय ना तुमचं?"

"खात्री करून घेत होतो."

"खात्री झाली. सरका."

मग ती डॉक्टरबाईंना म्हणाली, "यांच्या मते हा हॉट फ्लश आहे." 'यांच्या' म्हणताना तिने नुसती हनुवटी माझ्याकडे वळवली.

डॉक्टरबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला. "पाळी थांबली का? गरोदरपणात रक्तदाब वाढला होता?"

रांगेतल्या पुरुषांना एकदम हॉलचं छत फार आवडायला लागलं.

"धाकट्याच्या वेळी खूप वाढला होता," शेजारीण म्हणाली. "पण ते मला कधी कुणी विचारलं नाही."

डॉक्टरबाईंनी आकडा मोठ्याने सांगितला नाही. तिला अ‍ॅस्पिरिन चघळायला दिली आणि मला म्हणाल्या, "अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. हृदयाचं वाटतंय. छातीत कळ आली तरच हार्ट अटॅक, असं नसतं."

अ‍ॅम्ब्युलन्स तिला घेऊन गेली. थोड्या वेळाने अध्यक्षांनी हळूच विचारलं, "मग वड्यांचं काय करायचं?"

"तुम्ही तळा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आतल्या सगळ्या बाहेर या. पाळी गेल्यावर हृदयाचा धोका वाढतो, आणि तुम्ही आत बटाटे सोलताय."

पहिली माझी बायको बसली. बाहीला पीठ लागलेलं होतं.

"दम लागतो?"

"घराच्या पायऱ्या चढताना. बरेच दिवस झाले."

"घरी सांगितलं नाही?"

"सांगितलं की. यांनी मला एक लेख पाठवला."

तिचाही रक्तदाब भलताच वाढलेला निघाला. डॉक्टरबाईंनी गोळी लिहून दिली आणि सोमवारी रक्ततपासणी, ईसीजीला यायला बजावलं. मी झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. मागे अध्यक्षांचे वडे तेलात फुटत होते.

संध्याकाळी आम्ही हॉस्पिटलला निघालो. गाडीत मी म्हणालो, "मला फार अपराधी वाटतंय."

"नंतर वाटून घ्या. सिग्नल हिरवा झालाय."

शेजारणीची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली निघाली होती. स्टेंट घातला होता. ती फिकट दिसत होती, पण शुद्धीवर होती. बायको पलंगापाशी बसली आणि तिने तिचा हात हातात घेतला.

"तुझं मोजलं?" शेजारणीने विचारलं.

"मोजलं. जास्त आहे. सोमवारी तपासण्या."

शेजारणीने माझ्याकडे बघितलं. तिचा आवाज अजून क्षीण होता.

"आणि याने काय केलं? खिडकी उघडली?"