‘ओके’ला जपानीत काय म्हणतात

लोणावळ्याहून रोज तळेगावच्या कारखान्यात जाते. तिथे जपानी इंजिनियर आणि आपले कामगार यांच्यामध्ये उभं राहून दोघांचं बोलणं एकमेकांना सांगायचं, हे माझं काम. ते मला चांगलं जमतं असं मी समजत होते.

त्या दिवशी प्रेस मशीन अडकलं होतं. मळवलीचे एक भाऊ, वीस वर्षांपासूनचे जुने कामगार, मशीनच्या मागे वाकून साचा साफ करत होते. इंजिनियर बटणापाशी उभे होते. तिथून भाऊ दिसत नव्हते. इंजिनियर मला म्हणाले, “मशीन चालू करतोय, त्यांना बाहेर यायला सांगा.”

मी ओरडले, “भाऊ, मशीन चालू करायचंय, बाहेर या!”

“ओके!” आतून आवाज आला.

मी वळून म्हटलं, “दाइजोबु देस.” म्हणजे सगळं ठीक आहे, हरकत नाही. त्यांनी बटण दाबलं.

भाऊंच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशीच्या अहवालात आलं, ‘कामगाराने आपण सुरक्षित असल्याचे सांगितले.’ तो कागद इंग्रजीत करायला माझ्याकडेच आला. मी केला. एक शब्दही न बदलता.

रविवारी मळवलीला गेले. भाऊ ओट्यावर बसले होते, हाताला पट्टी. त्यांची बायको दारात तांदूळ निवडत होती.

“ताई, मी ओके म्हनलो ते खरं हाय,” भाऊ म्हणाले. “पन म्हंजी आइकलं, येतोच. निगालो न्हवतो अजून.”

“माझ्या लक्षात यायला हवं होतं,” मी म्हटलं. “मी त्यांना सांगितलं, सगळं ठीक आहे.”

बायकोने सूप खाली ठेवलं. “मंग कागदात ह्यांचीच चूक का लिवली?”



सोमवारी इंजिनियरांना सगळं सांगितलं. मी ‘वाकारिमाश्ता’ म्हणायला हवं होतं, म्हणजे नुसतं ‘समजलं’. तेवढंच. ते म्हणाले, “मी स्वतः जाऊन बघायला हवं होतं.” अहवाल त्यांनी परत मागवला. नव्या अहवालात त्यांची चूक पहिली, माझी दुसरी. भाऊंचं नाव चुकांच्या रकान्यातून निघालं. साहेब लोक खूश नव्हते. मला लेखी समज मिळाली, आणि ती मिळाल्यावर जरा बरं वाटलं, याचीच लाज वाटली.

भाऊ आता स्टोअरमध्ये आहेत. बॉक्सवर चिठ्ठ्या डाव्या हाताने लिहितात. भेटले की हसतात, “कसं काय ताई?” विचारतात. भाताच्या लावणीला यंदा शेतात उतरले, पण रोपं हातातून सुटतात म्हणाले. त्यांची बायको अजून माझ्याशी बोलत नाही. मीही तिला बोलतं करायचा प्रयत्न सोडून दिलाय.