सुपारी आधी त्या घरी

बोरी अरबच्या बाजारात आमच्या लहानपणी सायकल दुरुस्तीचं एक दुकान होतं. दुकानवाले चाचा दिवसभर पंक्चर काढायचे आणि दिवाळी आटोपली की गावोगाव खडी गंमत करायचे. खडी गंमत म्हणजे ना मंच ना पडदा. चौकात उभं राहायचं, भोवती लोक गोल करून बसणार आणि त्यांना हसवायचं. चाचा लुगडं नेसून सासू व्हायचे. घर मुसलमानाचं, पण काष्टा असा घालायचे की त्यांना बघून माझी आई आपला काष्टा सारखा करायची. त्यांनी नुसता खालचा ओठ बाहेर काढला, की अख्खा चौक लोळायला लागे.

मी मोठी झाले, मारेगावकडे शिक्षिका म्हणून लागले आणि एकटीच विनोदी कार्यक्रम करू लागले. माल सगळा चाचांच्या दुकानातला. तो ओठ, ते गरगर फिरणारे डोळे, कमरेवरचा तो हात. लोक हसायचे, टाळ्या पडायच्या आणि मला चांगली दोन शिंगं फुटली होती.

कापसाची ती वाईट वर्षं. बोंडअळीनं खाऊन जे उरलं त्याला भाव नाही. भावाची वाट बघत कापूस घराघरात छतापर्यंत रचलेला. माणसं त्याच्यावरच निजायची आणि सकाळी अंग खाजवत उठायची. अशात जवळच्या एका गावानं मला कार्यक्रमाची सुपारी दिली, विड्याच्या पानावर ठेवून, खरीखुरी. गाव हसलं नाही त्याला लई दिवस झाले, असं सरपंच म्हणाले. वर हेही सांगितलं, की त्याच दिवशी म्हाताऱ्या चाचांचा सत्कार ठेवलाय. मला रात्रभर झोप नाही.

दुपारी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चाचा बसलेले दिसले. अंगानं आटलेले, तोंडात एकही दात नाही. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी वरच्या वर हात धरला. मी लगेच त्यांचाच ओठ त्यांना करून दाखवला आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

त्यांनी विचारलं, “सुपारी कुठं हाये?”

पर्समध्ये आहे, म्हटलं.

“थिथं काय करून राह्यली थे?”

मग त्यांनी आपल्या खडी गंमतीच्या पार्टीची रीत सांगितली. गावात ज्या घरी दुःख असेल, त्या घरी आधी सुपारी न्यायची. आज हसवणार आहो, तुमचं मन आहे का, म्हणून विचारायचं. घरानं सुपारी परत दिली तर खेळ उभा करायचा, नाही तर ढोलकी बांधून चालू पडायचं. असे ते उपाशी परतलेही होते, पण कुणाची हाय घेऊन परतले नव्हते.

त्या गावातलं ते घर एका मजुराचं होतं. पावसाळ्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करताना त्याला विषबाधा झाली. दवाखान्यातून जीव परत आला, डोळे आले नाहीत. तेव्हापासून तो घराबाहेर पडला नव्हता. चाचा मला तिथं घेऊन गेले आणि त्यांनी माझ्याकडची सुपारी त्याच्या तळहातावर ठेवून विचारलं. तो बराच वेळ ती बोटांत फिरवत राहिला.

“चाचा, मले दिसत नाही. मी येऊन कोनाचं तोंड पाहू?”

एवढ्यात त्यांची बकरी कापसाच्या ढिगावर चढून खुशाल कापूस चघळू लागली. बायको चुलीजवळूनच ओरडली, “खाय माय, खाय. व्यापारी घेत नाही तं तू तरी घे!” कुणी हसलं नाही. त्यानं सुपारी मुठीत मिटली आणि परत दिलीच नाही.

बाहेर आल्यावर मी हिशेब केला. माझा सगळा खेळ तोंडाचा. तो आलाच, तर ज्याला दिसत नाही त्याला मी काय दाखवणार? मी चाचांना तसं सांगितलं.

ते म्हणाले, “मायं तोंड लई वर्षं चाललं. मंग दात गेले, लोक हासनं बंद झाले. तवा समजलं, मी लोकायले कधी आयकलंच नोतं. मंग पंक्चर काढता काढता आयकत गेलो, अन् म्हातारपनी नुसत्या आवाजावर हासवलं. तू मायं तोंड उचललं बेटा. तोंड म्हातारं होते.”

मला राग आला. आणि ते खरं होतं म्हणून जास्तच आला.

दिवेलागणीला चौक भरला. सुपारी आली नव्हती. सरपंच माईक पुढे करू लागले, मी हात लावेना. मी मुळात हट्टी आहे, त्यात समोर चाचा. लोक कुजबुजू लागले, पोरं उठू लागली. तेवढ्यात बायकोच्या खांद्यावर हात ठेवून तो आला, पुढेच बसला आणि त्यानं मूठ उघडली. चाचांनी सुपारी माझ्या हातात दिली. गरम होती.

मी तोंड सरळ ठेवलं आणि नुसत्या आवाजात एका घरची बाई केली. ती बकरीला कापूस विकते. बकरी भाव पाडते, ओल आहे म्हणून नाक मुरडते, उद्या या म्हणते. सगळे माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होते. मी थांबले.

तो म्हणाला, “सांग ना बाई, मंग बकरी काय म्हने?”

बायकोनं पदर तोंडात कोंबला. आणि तो हसला, पोट धरून, खोकला येईस्तोवर हसला. त्याच्यामागून सगळं गाव.

पुढे मला बक्षिसं मिळाली, शाली मिळाल्या. पण आजही छाती भरून येते ती एकाच आठवणीनं. ज्यांच्या तोंडाकडे बघून मी हे सगळं शिकले, त्या माणसानं त्या रात्री खेळ संपेपर्यंत माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्या मजुराच्या शेजारी मांडी घालून, डोळे मिटून, ते बोळक्या तोंडानं हसत होते.