एकाच गाडीच्या दोन पिढ्या

पापनाशमच्या राइस मिलवाल्यांकडे एकाच स्पोर्ट्स कारच्या दोन पिढ्या होत्या: त्यांच्या वडिलांच्या वेळची जुनी, आणि आयात सोपी झाल्यावर मागवलेली नवी. माझ्या अक्काला, म्हणजे थोरल्या बहिणीला, दोन्ही चालवून बघायच्या होत्या.

“शेजारी बसा, मी फिरवून आणतो,” मालक म्हणाले.

“बसून काय कळणार? मीच चालवणार.”

तंजावूरहून बसने आम्ही दर रविवारी जात राहिलो. शेवटी त्यांनी किल्ल्या दिल्या.

नवी सुसाट, शांत धावली. जुनीचा जड क्लच अक्काने सगळा जोर लावून दाबला. वळणावर मागची चाकं घसरली, मी डोळे मिटले. तिने मात्र गाडी सावरली.

“वेगवान नवीच,” घाम पुसत ती मालकांना म्हणाली, “पण जुनी मला अजून जमली नाही. पुढच्या रविवारी येते.”

पुढच्या रविवारी जुनी गाडी धुऊनपुसून फाटकाशी उभी होती.