पंखाची लाल फीत

विमान पाडायला वादळच लागतं असं नाही. आमच्यासारखी दोन बोलघेवडी मराठी माणसंही पुरतात.

पन्नासच्या दशकात मी बंगळूरच्या विमानतळावर मेकॅनिक होतो. बिऱ्हाड जयनगरात, दोन खोल्यांचं. दिवसभर कानावर कन्नड, तमिळ आणि साहेबांचं इंग्रजी. मराठी म्हणजे घरी बायको, आणि आठवड्यातून दोनदा मुंबईच्या फेरीवर येणारा एक तरुण को-पायलट. त्यानं कॉकपिटच्या खिडकीतून डोकं काढून "काय राव, चहा झाला का?" विचारलं की माझा दिवस चांगला जायचा. तहानलेला माणूस पाणी कुठे पितोय ते पाहत नाही, तसं आमचं होतं.

आमचं डकोटा विमान उघड्यावर उभं असायचं. पंखांच्या आणि शेपटीच्या हलत्या फळ्या वाऱ्यानं आपटू नयेत म्हणून त्यांना लाकडी चिमटे लावायचो. त्यांना आम्ही लॉक म्हणायचो. एकूण पाच, प्रत्येकाला हातभर लाल फीत. उड्डाणाआधी ते काढायचे, डाव्या हातावर टांगायचे आणि कॅप्टनच्या खिडकीसमोर जाऊन उभं राहायचं. कॅप्टन बोटानं पाच मोजायचा आणि मान हलवायचा. एखादा जरी राहिला तरी विमान उडतं, पण वैमानिकाचं ऐकत नाही. पुढचं सांगायला ज्योतिषी नको.

त्या दिवशी त्याच विमानानं माझी बायको माहेरी निघाली होती. सातवा महिना, पहिलंच बाळंतपण. रेल्वेचे धक्के नकोत म्हणून मी पास काढला होता. निघताना शेजारच्या अक्कांनी तिची ओटी भरली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "विमान बेडा, नको अण्णा. स्वल्प विचार करा." मी हसलो. माझ्या हाताखालून जाणाऱ्या विमानाला काय होणार, असा माझा तोरा!

सकाळी शेपटीचे तीन लॉक काढले, उजव्या पंखाचा काढला, आणि वरून हाक आली, "काय राव, वहिनी आल्या का?" को-पायलट मांडीवर यादी घेऊन एकेक ओळ तपासत होता, बोट ओळीवर ठेवून. मी म्हटलं, "आल्यात. जरा लक्ष ठेवा, त्यांना मळमळतं." खिशात आवळासुपारीची डबी होती. "ही त्यांना द्या," म्हणून मी ती वर फेकली. त्याचा झेल चुकला. पुन्हा फेकली, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा त्यानं दोन्ही हातांनी धरली आणि आम्ही शाळकरी पोरांसारखे हसलो. त्याचं बोट यादीवरून केव्हा सुटलं ते त्याला कळलं नाही, आणि माझा डावा पंख राहिला ते मला.

तेवढ्यात प्रवासी आले. मी तिची पिशवी घेऊन तिला दारापर्यंत सोडलं. डाव्या पंखाजवळूनच गेलो. तिनं वर पाहिलं, मला वाटलं ती घाबरली असेल. मग हातावर लॉक टांगून खिडकीसमोर उभा राहिलो. कॅप्टन कुणाच्या तरी कागदावर सही करत होता. त्याच्या जागी को-पायलटनं मान हलवली, अजून हसतच. मोजलं त्यानंही नाही, मीही नाही.

विमान गेलं. मी शेडमध्ये जाऊन फळीवर लॉक अडकवू लागलो. फळीला पाच खिळे होते. चार भरले.

तो पाचवा रिकामा खिळा आजही डोळ्यांपुढे येतो. चारही लॉक उचलले आणि धावत सुटलो. मारतहळ्ळीच्या बाजूला, नाचणीच्या शेतांपाशी, धावपट्टीच्या टोकाला विमान उभं होतं. दोन्ही इंजिनं गर्जत होती. डाव्या पंखाखाली लाल फीत वाऱ्यानं फडफडत होती. मी ओरडत होतो, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. आत वीसेक माणसं, माझी बायको आणि माझं मूल होतं. मी पोचणार नव्हतो.

आणि डावं इंजिन बंद पडलं.

कारण होस्टेसनं मला नंतर सांगितलं. बायकोनं मला खिडकीतून धावताना पाहिलं आणि होस्टेसचं मनगट धरलं, "थांबवा ना जरा, आमचे हे येताहेत." जणू गावची एसटीच! होस्टेस हसत तिची समजूत घालायला वाकली, तेव्हा तिला माझ्या हातातल्या फिती दिसल्या, आणि ती कॉकपिटकडे पळाली.

मी लॉक काढला आणि पाचही घेऊन समोर उभा राहिलो. कॅप्टननं खिडकी सरकवली. सावकाश, एकेक बोट उचलत पाच मोजले. मान हलवली. खिडकी लावून घेतली. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच्या रिपोर्टनंतर मला सहा महिने वर्कशॉपमध्ये बसवलं. को-पायलट आणि मी पुढेही भेटलो, पण विमानापाशी आम्ही पुन्हा मराठीत बोललो नाही. लोक म्हणाले, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. मला त्या म्हणीचा राग येतो. काळ नव्हता आला, मी आणला होता.

आठवड्यानं माहेराहून तिचं पत्र आलं. प्रकृती बरी आहे, आवळासुपारी मिळाली, वगैरे. खाली लिहिलं होतं : "तुम्ही मला पुन्हा बघायला एवढे धावलात, ते आईला सांगितलं तर ती रडली. विमानात चढताना खूप भीती वाटत होती. पण दृष्ट लागू नये म्हणून तुम्ही पंखाला लाल फीत बांधलेली दिसली आणि धीर आला. मग ती परत का सोडून नेलीत?"

मी चार पानी उत्तर लिहिलं. तेवढं सोडून सगळं लिहिलं.