दावं नसलेली गाडी

दिगंबरकाका कोणतीही वस्तू घ्यायला गेले की किंमत आधी विचारत नसत. म्हैस असो नाहीतर पेरणीयंत्र, पहिला प्रश्न कारणाचा आणि ठरलेला, "कामून विकायलाव?" उत्तर देताना समोरचा जरा अडखळला तरी काका चहा पिऊन परत येत. नायगाव तालुक्यात त्यांचं आणि माझं शेत एकाच बांधाला लागून. मी शाळेची नोकरी सांभाळून शेती करणारा, म्हणजे त्यांच्या मते दोन्हीकडे पाहुणा.

काका आणि काकू गावात राहत नसत. शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठा-खळ्याच्या जागेवरच, त्यांचं घर होतं. तिथे जाणारी पाणंद काळ्या मातीची, पाऊस लागला की चप्पलसुद्धा गिळणारी. काकूंना दमा होता. एका पावसाळ्यात त्यांचा दम उठला आणि बैलगाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणता आणता त्या जायच्या राहिल्या. लातूरला नोकरी करणाऱ्या दोन्ही मुलांनी मग निर्वाणीचं सांगितलं. चिखलातून कधीही बाहेर पडेल अशी गाडी दारात उभी करा, नाहीतर आखाडा सोडून आमच्याकडे चला. काका म्हणाले, गाडी घेतो. पंचक्रोशीत ते हट्टी म्हणून प्रसिद्धच होते, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही.

चारही चाकांना जोर असलेली पिकअप हवी होती आणि नवी परवडणारी नव्हती. आम्ही दोघं लातूरला जुन्या गाड्यांच्या एका दुकानात गेलो. एक पिकअप रंगवून नवरदेवासारखी सजवलेली होती. काकांनी आपला प्रश्न टाकला. दुकानदार हसून म्हणाला, विकणं हाच आमचा धंदा आहे. काका तडक बाहेर आले. "त्याला सोतालाच ठाव न्हाई. जी मालकाच्या दारात उभी हाय, ती तिथंच जाऊन घ्यायची."

तशी गाडी शेवटी मुखेडकडच्या एका खेड्यात सापडली. रंग उडालेला, हौद्याला पोचे, गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा आखूड दांडा. मालक काकांच्याच वयाचे. माळावरच्या आंब्यांना ते या गाडीतून पाणी नेत. का विकता म्हटल्यावर त्यांनी डोळ्यांकडे बोट केलं. "समोरचं माणूस दिसत न्हाई आता. हिला उभी ठिवून कुजवू का?" काकांना हा जवाब पसंत पडला. त्यांनी मला गाडी विहिरीजवळच्या चिखलात घालायला लावली. ती रुतली. मालकांच्या सांगण्यावरून मी उतरून पुढच्या दोन्ही चाकांवरच्या, त्यांना इंजिनाचा जोर जोडून देणाऱ्या चकत्या फिरवल्या, आखूड दांडा ओढला, आणि गाडी कण्हत बाहेर आली. काका मागून चाल बघत होते. मग दोघांनी एका उपरण्याखाली हात घातले आणि बैलबाजारात करतात तसा बोटं दाबून सौदा केला. कितीला झाला, हे मला आजही माहीत नाही.

घोळ त्यानंतर झाला. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. ते जुन्या मालकाकडेच राहतं, म्हणजे घरची बरकत जात नाही. निघताना काका अडून बसले, "दावं ठिवून घ्या." गाडीला दावं कुठलं असणार? दोघे म्हातारे गंभीर चेहऱ्याने गाडीभोवती फिरले. शेवटी हौद्यातला, गाडी ओढायचा जाड दोर मालकांनी काढून घेतला आणि खुंटीला टांगला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मला मात्र हसू येत होतं. परतीच्या वाटेवर डिझेल संपलं. ओढून न्यायला ट्रॅक्टर मिळाला, पण बांधायला दोर नव्हता. काका बाभळीखाली बसून शांतपणे म्हणाले, "त्यांची बरकत ऱ्हाईली, आपला येळ गेला. हिसाब बरोबर हाय."

गाडीने मात्र आपलं काम केलं. पुढचे दोन पावसाळे काकू वेळेवर दवाखान्यात पोचत गेल्या. बरं वाटलं की सलाइन संपायच्या आत आखाड्याकडे निघायची त्यांची घाई सुरू होई. तिसऱ्या पावसाळ्यातही आम्ही चिखलातून न अडकता निघालो आणि नांदेडला वेळेत पोचलो. तरीही काकू गेल्या. मला फार वाईट वाटलं, कारण या वेळी आमच्याकडून काहीच चुकलं नव्हतं.

तेराव्यानंतर मुलं म्हणाली, बाबा, गाडी आहे, तुम्हाला राहायचं तर राहा. काकांनी मात्र आपली पेटी भरली होती. मी न राहवून विचारलं, ज्या जागेसाठी एवढं भांडलात ती आता सोडून निघालात?

"मला कुठं ऱ्हायाचं होतं, सर?" काका म्हणाले. "मला तं नळ, पंखा, समदं पायजे होतं. तिला दुसरीकडं करमत नव्हतं. पण दम्याच्या बाईचं कोण ऐकलं असतं? म्हणून मी हट्टी झालो."

आता ते लातूरला धाकट्या मुलाकडे असतात. मागे भेटायला गेलो तेव्हा त्यांची सून कौतुकाने सांगत होती, मामंजी कशालाच नाही म्हणत नाहीत.