तीट नसलेलं चित्र

पिपरीचा हरिदास पेंटर दुकानांच्या पाट्यांवर हातभर अक्षरं काढी आणि कोपऱ्यात स्वतःचं नाव झोकात लिही. लहान मुलांची चित्रं मात्र तो डब्याच्या पत्र्यातून कापलेल्या, पेढ्याएवढ्या चकतीवर काढायचा, खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्यानं. त्यांवर नाव कधीच नसे.

असंच एक चित्र श्रीधरनं कचेरीतून येताना घरी आणलं. ते हातात घेताना त्याच्या बायकोला, कांताला वाटलं, आपण स्वप्नातच आपल्या तान्ह्या माणिककडे बघतोय. तेच जावळ, तीच गच्च मूठ. मुठीत हरिदासनं कडुनिंबाची डहाळी दिली होती, पोर निरोगी राहावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या प्रमिलाबाईंनी चकती उजेडात धरली. "याले तीट कुठं आहे वं, कांता? आनंदाबाईच्या पोरीच्या चित्रालेबी नव्हती. वाचली का ते पोरगी?"

कांता बी.ए. झालेली, असल्या बोलण्याला एरवी हसली असती. पण माणिक नुकताच गोवरातून उठला होता. त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची तिची सवय अजून सुटली नव्हती. दुपारीच चकती पदराला बांधून, त्याला खांद्यावर टाकून ती पिपरीला निघाली. उन्हात रस्ता पाण्यावर तरंगल्यासारखा दिसत होता, आणि झोपलेल्या लेकराचं वजन खांद्यावर आहे ना, हे ती पुन्हा पुन्हा चाचपत होती.

"तीट का नाही काढलीत?" दारातूनच तिनं विचारलं.

हरिदास गोंधळला. "तीट मी काऊन काढू, बाई? ते मायचं काम आहे. साहेबायले सांगतलं होतं ना मी!"

श्रीधर विसरला होता.

"आणि आनंदाबाईंची मुलगी?"

हरिदासनं कुंचला खाली ठेवला. "ते चित्र पोरगी गेल्यावर काढलं, बाई. मायच्या हाती काजळ देल्लं, तर तिनं परत केलं. म्हणे, आता कोनाची नजर लागनार आहे?"

मग त्यानं काजळाची डबी पुढं सरकवली. कांतानं त्यात बोट बुडवून चित्रातल्या गालावर टेकवलं. ठिपका जरा मोठाच पडला, अर्ध्या गालावर पसरला.

"बिघडलं का हो?"

"आता झालं पुरं. कोनी इचारलं कोनं काढलं, तर तुमचं नाव सांगजा. म्हणून तर मी माझं लिवत नाई."

बोटाला उरलेलं काजळ तिनं झोपलेल्या माणिकच्या गालावर टेकवलं. त्यानं नाक मुरडलं आणि झोपेतच तिचं बोट मुठीत गच्च धरलं. मूठ उबदार होती. ती सोडवून घ्यायची घाई कांतानं केली नाही.