फ्रिजवरचा तक्ता

मिरजेच्या फलाटावर आईने माझ्या हातात दोन डबे दिले आणि कशात काय आहे ते सांगितलं. खालच्यात भाकरी, वरच्यात शेंगदाण्याची चटणी आणि परतलेली मेथी. लग्नाला चार महिने झाले होते. ह्यांना दिल्लीत केंद्र सरकारची नोकरी होती आणि मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे राहायला निघाले होते. गाडी सुटायच्या बेताला आई खिडकीशी आली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "गाडीत खाशील तवा लोकांकडं पाठ करून खा."

मी हसले. निजामुद्दीन येईपर्यंत समोरच्या बाकावरच्या पंजाबी कुटुंबाशी भाकरी-पराठ्यांची देवघेव करत, त्यांच्याकडे तोंड करून पोटभर जेवले. उतरताना मनात म्हटलं, सुटले.

कशातून सुटले, ते थोडं सांगायला हवं. तासगावजवळच्या आमच्या घरात आईला जेवताना कुणी पाहिलेलं नव्हतं. वडील, दादा आणि मी पाटावर बसायचो, आजी, म्हणजे वडिलांची आई, भाकरीच्या दुरडीशेजारी बसायची आणि आई वाढायची. सगळ्यांची जेवणं झाली की ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची आणि पाचव्या मिनिटाला पदराला हात पुसत बाहेर यायची. ताट घ्यायची नाही. उरलंसुरलं सगळं पिठल्याच्या कढईत कालवायची आणि तिथूनच खायची: भात, आमटी, भाजीचा रस्सा, क्वचित उरलेला चहासुद्धा. कढईच्या काठाला काय चिकटलंय त्यावरून दादा आणि मी ओळखायचो, आज चहा होता की नव्हता. दादा तिची नक्कल करून आम्हाला हसवायचा. "आई, तू कधी जेवलीस?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "माझं झालं."

वडील गेल्यावर मी तिला नोएडाला आणलं. तोवर आम्ही आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून नोएडातल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. मी एका शाळेच्या ऑफिसात लागले होते. जे मागे राहिले त्यांना वाटतं, आम्ही आईबापांना दिल्ली दाखवायला बोलावतो. माझ्यासारखे जे निघून आले त्यांना खरं माहीत आहे. आपण जमवलेलं सगळं एकदा त्यांच्यासमोर मांडायचं असतं, आणि त्यांनी ते वापरायचं असतं. माझ्याकडे सहा खुर्च्यांचं टेबल होतं. त्यातली एक खुर्ची मी आईसाठी ठरवली. खिडकीजवळची, पाठीशी उशी असलेली.

माझ्या घरात खाण्याच्या तऱ्हा कमी नव्हत्या. हे वरणभातात केळं कुस्करतात. मुलगा चिन्मय नूडल्स कच्चेच मोडून त्यावर लिंबू पिळून खायचा आणि पोह्यांवर केचप घ्यायचा. शेजारच्या खन्ना आंटी आमच्याकडे आल्या की चहात नमकीन टाकून चमच्याने खायच्या. कोणाला काय हवं याची यादी मी ठेवत असे आणि त्याप्रमाणे सामान आणत असे. कुणाच्या खाण्याला मी कधी नाव ठेवलं नाही.

आईच्या कढईला मात्र ठेवलं. मला वाटायचं, जन्मभर हिने खरवडून खाल्लं, आता हिला गरम पोळी, ताट, वाटी, सगळं वेगळं मिळालं पाहिजे. पहिल्या आठवड्यात मी कढई धुवून कपाटात ठेवू लागले, म्हणजे तिला टेबलावर यावंच लागेल. ती यायची. अर्धा तास पोळीचा एकच तुकडा बोटांत फिरवत बसायची.

"आजी, तू खाती क्यों नहीं यार?" चिन्मय विचारायचा.

"माझं झालं रे बाळा."

"कब झालं? मी तर इथेच बसलोय."

ती हसायची आणि उठायची. हे एकदा म्हणाले, "अगं, त्यांना हवं तसं खाऊ दे ना."

"तुमच्या केळ्याला मी कधी बोलले का?"

"नाही ना. मग?"

मी चिडून भांडी आवरली.

दुसऱ्या महिन्यात तपासणीत तिची साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस काय-काय खातात ते लिहून आणा. अशी कामं मला दोनदा सांगावी लागत नाहीत. त्याच संध्याकाळी पट्टीने रेघा मारून तक्ता केला आणि फ्रिजवर चुंबकाने लावला. सकाळ, दुपार, रात्र. पोळ्या, भाजी, वरण, भात. सकाळी निघताना मी डब्यात मोजून सहा पोळ्या ठेवायचे, संध्याकाळी आले की पर्सही खाली न ठेवता डबा उघडायचे. शंका राहू नये म्हणून दुपारी येणाऱ्या पुष्पाला, आमच्या कामवालीला, सांगून ठेवलं होतं. ती दारातच हजेरी द्यायची, "माताजी ने आज एक ही खाई, दीदी."

आईला वाचता येत नव्हतं. आकडे येत होते.

दोन पोळ्यांवरून ती एकीवर आली, एकीवरून अर्धीवर. मी तक्त्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "आई, हे बघ, मंगळवारी दीड होती, आज अर्धी. असं कसं चालेल?" सगळ्यांसमोर म्हणायचे. ती तक्त्याकडे बघायची, मग जमिनीकडे.

मग माझ्या लक्षात आलं की पोह्यांचा डबा उतरतोय. गुळाची ढेप एका बाजूने कुरतडल्यासारखी दिसायला लागली. तांदूळही कमी भरले. एकदा तिची साडी धुवायला टाकताना निरीतून कोरड्या पोह्यांचे चार-पाच दाणे पडले. सत्तरीची बाई दिवसाढवळ्या पोरीच्या घरात मुठीने कच्चे पोहे खात होती. मी काय केलं ते सांगते, कारण ते लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही. मी तक्त्यात एक रकाना वाढवला आणि लिहिलं, "कच्चे पोहे, अंदाजे मूठभर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी भरून कॉटवर बसली होती.

"मंगल, मला गाडीत बसवून दे."

"काय कमी पडलं तुला इथे?"

"कमी काय न्हाई. लई हाय."

मी रागावले होते. इतका राग खूप दिवसांत आला नव्हता. निजामुद्दीनला तिला डब्यात बसवलं, औषधांची चिठ्ठी दिली, कुठली गोळी कधी ते तीनदा सांगितलं. ती मान हलवत राहिली. खिडकीतून तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू खात जा येळेवर." गाडी गेल्यावर मी मेट्रोत बसून घरी आले आणि दुपारी शाळेत हजर झाले.

तीन महिन्यांनी वहिनीचा, दादाच्या बायकोचा, फोन आला. आईचं वजन दोन किलोंनी वाढलं होतं आणि साखर कमी आली होती. वहिनी म्हणाली, "वन्सं, रागावणार नसाल तर एक विचारू? तुमच्याकडं त्यांच्या पोळ्या मोजायचा व्हय?"

मी डॉक्टरांचं सांगितलं, तक्त्याचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तसं न्हवं वो. म्हाताऱ्या आजी दुरडीतल्या भाकऱ्या मोजायच्या म्हणं. थापल्या किती, वाढल्या किती, उरल्या किती. एक जरी कमी आली तर सगळ्यांदेखत विचारायच्या, कुणी खाल्ली म्हणून. पहिली दोन वर्षं सासूबाईंनी लई सोसलं. मग कढईतलं खायला लागल्या. कढईतलं मोजता येत न्हाई ना."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"त्यांनीच. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी. म्हणाल्या, माझ्या घरात तुझी भाकरी कुणी मोजायची न्हाई."

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. तक्ता अजून फ्रिजवरच होता. आजीला लिहिता येत नव्हतं म्हणून तिने सगळं डोक्यात ठेवलं. मी पट्टीने रेघा मारल्या, एवढाच फरक. मी तो काढला, फाडला. फोन करून आईची माफी मागावी असं ठरवलं. फोन केला, तिने उचलला, आणि मी विचारलं, "गोळ्या घेतेस ना?" ती म्हणाली, "घेते की."

पुढे दिवाळीच्या सुट्टीत गेले. गाडी वेळेआधी पोचली, एसटीही लगेच मिळाली आणि मी कळवलेल्या वेळेच्या तासभर आधी दारात होते. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आई आणि वहिनी जमिनीवर समोरासमोर बसल्या होत्या, मधे कढई. आई खात होती. तोंड भरलेलं, बोटं भरलेली, आणि काहीतरी सांगत हसत होती. "तिथली पोळी म्हंजे कागुद बघ," एवढं मला ऐकू आलं. पन्नाशीला आल्यावर मी आईला पहिल्यांदा जेवताना पाहत होते. ती घास मोठा घेते, डाव्या दाढेने चावते आणि मधेच डोळे मिटते, हे मला माहीत नव्हतं.

माझी पिशवी दाराला लागली. तिने वर पाहिलं. हात थांबला, पदर कढईवर गेला.

"आलीस व्हय? हात धू, तुला वाढते. माझं झालं."

"आई, जेव ना तू. मीही बसते."

"झालं की," म्हणत ती उठलीसुद्धा. वहिनी माझ्याकडे न बघता कढई उचलून मोरीकडे गेली. मला ताट मांडलं, पाट दिला, पाहुण्याला देतात तशी पापड-कुरडई तळून दिली. मी जेवले. आई समोर उभी राहून वाढत होती.

नोएडातल्या आमच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी माइक घेऊन सांगतं की घर म्हणजे आईच्या हातचं जेवण. टाळ्या पडतात. प्रसादाचं काम माझ्याकडे असतं, मी द्रोण लावत राहते.

गावी अजून वर्षातून दोनदा जाते. पण आता रस्त्याच्या वळणावरूनच वहिनीला फोन करते. अंगणात आले की मोठ्याने हाक मारते, चपला सावकाश काढते, नळाखाली पाय धुते, आणि मगच आत जाते. तेवढा वेळ आईला पुरतो.